खान्देशातल्या एफएमवरून खान्देश कुठे गेला?

पारोळ्याच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "मी रोज जळगावला ये-जा करतो, गाडीत एफएम लावतो. सात-आठ वर्षांपूर्वी सकाळी आपल्याकडची पोरं बोलायची. आता मुंबईहून कुणीतरी बोलतं आणि दादरच्या पावसाची खबर देतं. स्थानिक कार्यक्रम का बंद झाले? लोक ऐकेनासे झाले म्हणून? पुन्हा सुरू होतील का? आणि माझ्या मुलीला आरजे व्हायचंय, तिला काय सांगू?"

सर, २००८ ते २०२१ मी खान्देशातल्या एका खाजगी एफएम स्टेशनात होते. जाहिरातींची कॉपी लिहिण्यापासून सुरुवात, मग प्रोड्यूसर, शेवटची पाच वर्षं प्रोग्रामिंग माझ्याकडे. स्टेशनचं नाव घेत नाही. घेऊनही फरक पडणार नाही, कारण आमच्याकडे झालं तेच थोड्याफार फरकाने बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी झालं.

लोक ऐकेनासे झाले म्हणून कार्यक्रम बंद झाले, असं नाही. लोक ऐकतात की नाही हे आपल्याकडे कुणी मोजतच नव्हतं. श्रोते मोजायची 'रॅम' नावाची पद्धत २००७ च्या सुमारास आली ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती. निवडलेल्या घरांत डायरी द्यायची, कोणी किती वाजता काय ऐकलं ते त्यात भरायचं. जळगाव-धुळ्यात अशी डायरी कुणाच्या हातात पडली नाही. आमचं माप म्हणजे स्टुडिओतला फोन, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि गोलाणी मार्केटच्या आजूबाजूच्या टपऱ्यांवर कोणतं स्टेशन वाजतंय ते. हे माप खोटं नव्हतं, पण मुंबईतल्या बैठकीत पडद्यावर दाखवता येण्याजोगंही नव्हतं.

खरं कारण हिशोबाच्या वहीत आहे. थोडं किचकट आहे, पण ते कळलं नाही तर पुढचं सगळं रडगाणं वाटेल.

छोट्या शहरातल्या स्टेशनकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट गावातली, आम्ही तिला रिटेल म्हणायचो. नवीपेठेतले एक कूलरवाले काका होते. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे ४४-४५ अंश, कूलरवाल्याची दिवाळी. पण काका जाहिरात द्यायला तयार नव्हते. "रेडिओवर बोलून कूलर विकतो का कुठं?" मग आमच्या सकाळच्या आरजेला आम्ही दुपारी बारा वाजता त्यांच्या दुकानात नेऊन बसवलं. कूलरसमोर खुर्ची टाकून ती मोबाइलवरून बोलायची: "मी आत्ता नवीपेठेत आहे, बाहेर फुफाटा आहे, इथे माझी ओढणी उडतेय, आणि काका अजून चहा विचारत नाहीयेत." तिसऱ्या दिवशी लोक दुकानात येऊन विचारायला लागले, ती चहा न मिळालेली पोरगी कुठंय? पुढे कितीतरी उन्हाळे काका स्वतःहून यायचे.

काकांचा हिशोब साधा होता. वीस सेकंदांची जाहिरात, दिवसाला दहा वेळा, महिनाभर. दहा सेकंदांचे ५० रुपये धरले तर महिन्याचे ३०,००० होतात. (केंद्र सरकार खाजगी एफएमला जाहिरात देतं त्याचा पायाभूत दर बरीच वर्षं दहा सेकंदांना ५२ रुपये होता, २०२३ मध्ये तो ७४ झाला. म्हणजे आम्ही काही सराफ बाजाराच्या भावाने हवा विकत नव्हतो.) असे पंचवीस-तीस दुकानदार टिकले की स्टेशनचे पगार निघायचे. साडीवाले, सराफ, क्लासवाले, ट्रॅक्टरचे डीलर, दातांचे डॉक्टर. यातल्या कुणीही श्रोतृसंख्येचा तक्ता मागितला नाही. त्यांची अट एकच असायची, "तुमची ती पोरगी येईल ना दुकानात?"

दुसरी वाट मुंबईहून यायची. साबण, सिमेंट, मोबाइल, विमा. या कंपन्यांना जळगाव नको असतं, 'उर्वरित महाराष्ट्र' हवा असतो. मुंबईचा विक्रीवाला त्यांना पाच-सहा शहरांचं पॅकेज बांधून द्यायचा आणि सौदा पटावा म्हणून एक-दोन शहरं वर फुकट टाकायचा, भाजीवाल्याने कोथिंबीर टाकावी तशी. ती कोथिंबीर म्हणजे आम्ही. जाहिरात आमच्याकडे दिवसाला वीस वेळा वाजायची आणि आमच्या खात्यावर एक रुपया पडायचा नाही. वर ती आमच्याच तासातली जागा खायची, म्हणजे सकाळी नऊची वेळ मागणाऱ्या साडीवाल्याला आम्ही दुपारी अडीचची वेळ द्यायचो आणि तो तोंड वाकडं करायचा. मार्चअखेरीला मुंबई नफ्यात, जळगाव तोट्यात. मी एकदा विचारलं होतं की त्या पॅकेजमधला आमचा वाटा आमच्या नावावर का दाखवत नाही? उत्तर मिळालं, "पैसा शेवटी एकाच कंपनीचा आहे ना." पैसा एकाच कंपनीचा होता, पण कात्री लावताना मात्र प्रत्येक शहराची वही वेगळी उघडली गेली.

आता खर्च बघा. सरकारला वार्षिक शुल्क द्यायचं ते ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के, किंवा परवाना घेताना ठरलेल्या प्रवेश शुल्काच्या ठरावीक टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे उत्पन्न बुडालं तरी शुल्काला तळ आहे. मग टॉवरचं भाडं, ट्रान्समीटरची वीज, जनरेटरचं डिझेल, गाण्यांची रॉयल्टी. आपल्यासारख्या शहराला ३ ते १० किलोवॅटच्या घरातलं प्रक्षेपण असतं आणि ट्रान्समीटरला "आज जरा कमी जळ बाबा" असं सांगता येत नाही. यातलं काहीच गावातल्या स्टेशन हेडच्या हातात नाही. त्याच्या हातात एकच रकाना, पगार. वरून "पंधरा टक्के खर्च कमी करा" असा निरोप आला की तो त्याच रकान्यात बोट घालणार. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातली ही गत.

याला कायद्याने वाट करून दिली होती. खाजगी एफएमच्या धोरणात शहरांचे लोकसंख्येप्रमाणे गट आहेत. ३ ते १० लाखांचं शहर 'सी' गटात, १ ते ३ लाखांचं 'डी' गटात. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४.६० लाख, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास, म्हणजे दोन्ही 'सी', नंदुरबार १.११ लाख, म्हणजे 'डी'. २००५ मध्ये या धोरणाच्या दुसऱ्या टप्प्यात कंपनीला आपल्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम जोडून चालवायची मुभा मिळाली ती फक्त सी आणि डी गटांतल्या शहरांत, तीही एका विभागापुरती. हेतू चांगला असेल, छोट्या स्टेशनांना खर्च झेपावा वगैरे. पण मोठ्या शहरांनी आपला कार्यक्रम आपण करावा आणि छोट्यांनी उसना ऐकावा, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. पुढे २०११ च्या तिसऱ्या टप्प्याने कंपनीला आपल्या देशभरच्या जाळ्यात एकच कार्यक्रम फिरवायची परवानगी दिली. तेव्हापासून 'हे स्टेशन मुंबईहूनच का चालवू नये?' हा प्रश्न दर बजेटच्या बैठकीत असायचाच. कधी मोठ्याने, कधी नुसत्या नजरेने.

त्या प्रश्नामागचं गणितही सांगते. चार तासांच्या शोमध्ये आरजे चार तास बोलत नाही. तासाला सात-आठ वेळा बोलतो, प्रत्येक वेळी पाऊण ते एक मिनिट. आम्ही त्याला लिंक म्हणतो. चार तासांचं बोलणं एकत्र केलं तर जेमतेम अर्धा तास होतं. बाकी गाणी आणि जाहिराती, त्या कॉम्प्युटर लावतो. हे गणित एकदा वरच्या माणसाच्या लक्षात आलं की तो म्हणणारच, अर्ध्या तासासाठी पूर्ण दिवसाचा पगार कशाला? बसवा एकालाच आणि पाच शहरांचं बोलून घ्या. तो चुकतो कुठे, तर उरलेले साडेतीन तास आरजे फोन घेत असतो हे त्याच्या तक्त्यात नसतं. पिंप्राळ्यातल्या बाई पाणी आलं नाही म्हणून फोन करतात, त्यांच्या मागोमाग शिवाजीनगरातून दोन फोन येतात, मग आरजे नगरपालिकेतल्या ओळखीच्याला गाठतो आणि मग हवेवर सांगतो की मुख्य जलवाहिनी फुटली आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. हवेवर वीस सेकंद. त्यामागे पाऊण तासाची खटपट.

हो, नगरपालिका नाही, महानगरपालिका. जुनी सवय.

मग २०२० आलं. लॉकडाऊनमध्ये दुकानंच बंद, तर रिटेल कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? देशभरच्या खाजगी रेडिओचं उत्पन्न २०१९ मध्ये साधारण ३,१०० कोटी होतं, ते २०२० मध्ये १,४०० कोटींच्या आसपास आलं, आणि पुढची तीन-चार वर्षं जुन्या आकड्यापर्यंत पोहोचलंच नाही. म्हणजे कंपन्यांचं दुखणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण माझ्या नोकरीत सर्वांत जास्त फोन आले ते याच काळात. कोणती गल्ली बंद आहे, कापूस खरेदी केंद्र चालू आहे का, केळीचा ट्रक बऱ्हाणपूरच्या हद्दीवर अडवतात का, भुसावळहून निघणाऱ्या श्रमिक गाडीत कुणाला घेतात. एका बाजूला फोन ठेवायला उसंत नाही, दुसऱ्या बाजूला महिन्याचं बिलिंग शून्य. हे दोन्ही एकाच टेबलावर होतं.

ऑगस्टमध्ये सकाळी अकराला व्हिडिओ कॉल झाला. कपात हा शब्द कुणी उच्चारला नाही, 'राइटसायझिंग' म्हणाले. चौदा जणांचे पाच करायचे होते: एक आरजे, एक साउंड इंजिनिअर जो ट्रान्समीटरही बघेल, दोघं विक्रीवाले आणि मी. यादी मलाच करायला सांगितली. मी केली. त्यात एक मुलगा होता, रावेरचा, लेवा बोलीत असं बोलायचा की आजीबाई फोन करून त्याचं लग्न ठरवायला निघायच्या. त्याला मी फोनवर सांगितलं, समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही. माझं स्वतःचं नाव पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी यादीत घातलं.

राहिलेल्या एका आरजेने काय करायचं? संध्याकाळी पाच वाजता बूथमध्ये बसून उद्या सकाळचा शो रेकॉर्ड करायचा, तीन शहरांसाठी. वाक्य तेच. "सुप्रभात जळगाव", श्वास, "सुप्रभात अकोला", श्वास, तिसरं शहर. चार तासांचा शो पाऊण तासात भरायचा. वरून सूचना आली की लिंक 'एव्हरग्रीन' ठेवा, म्हणजे उद्या वाजली काय नि परवा वाजली काय, चुकीची ठरू नये. मग पावसाबद्दल बोलायचं नाही, कारण उद्या पाऊस पडेल की नाही ठाऊक नाही. पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल नाही. कुठल्या पेठेचं नाव नको, कारण तीच ओळ दुसऱ्या शहरातही वाजणार. उरतं काय? "आजचा दिवस हसत सुरू करा." स्थानिक कार्यक्रम बंद करा असा आदेश आमच्याकडे कधीच आला नाही, सर. दिवस आणि ठिकाण काढून घेतलं की तो आपोआप बंद पडतो.

एकदा फायलींची अदलाबदल झाली. सकाळी आठ दहाला वॉचमनचा फोन: "मॅडम, आपन अकोल्याला गेलो का?" इमारतीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. मी रिक्षात होते. वीस मिनिटं जळगावात अकोल्याची सकाळ झाली. जास्त वाईट याचं वाटलं की एकाही श्रोत्याने फोन केला नाही. एव्हाना त्यांनी स्टुडिओचा नंबर फिरवणं सोडून दिलं होतं, कारण उचलणारं कुणी नसायचं.

आणि कूलरवाले काका? फेब्रुवारी २०२१ मध्ये आमचा विक्रीवाला आणि मी उन्हाळ्याची बोलणी करायला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुकानात कोण येणार?" विक्रीवाल्याने सांगितलं, यंदा मुंबईच्या मोठ्या आरजेच्या आवाजात करू. काका म्हणाले, "त्याला नवीपेठ कुठंय ते ठाऊक आहे का?" त्या वर्षीचे पैसे त्यांनी अहिराणीत विनोदी व्हिडिओ करणाऱ्या एका पोराला दिले. असे सात-आठ दुकानदार त्या एका हंगामात गेले. वहीत नोंद झाली, 'रिटेल उत्पन्न घटले', आणि त्या नोंदीच्या आधारे पुढची कपात झाली. माणसं आधी गेली, दुकानदार त्यांच्या मागून गेले. वहीत मात्र ते उलट क्रमाने दिसतं, आणि तुमच्या प्रश्नातला 'लोक ऐकेनासे झाले म्हणून' हा समज त्या वहीतूनच बाहेर पडलेला आहे.

माझी नोकरी गेल्यावर एक सकाळ आली ती विसरत नाही. ३१ ऑगस्ट २०२१. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर, कन्नड घाटात दरडी कोसळलेल्या. मी धुळ्यात बहिणीकडे होते. आग्रा रोडला चहा घेत उभी होते, शेजारी एका ट्रकमध्ये एफएम चालू. ड्रायव्हर चाळीसगावमार्गे संभाजीनगरकडे निघालेला. रेडिओवर कुणीतरी नवरा-बायकोचे विनोद सांगत होतं, मध्ये गाणं, पुन्हा विनोद. घाट बंद आहे हे त्या ड्रायव्हरला चहावाल्याने सांगितलं, आणि चहावाल्याला त्याच्या साडूचा फोन आला होता.

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली आणि एकेका कंपनीकडे शेकड्यांनी स्टेशनं गेली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या माइनॉट या छोट्या शहरातली सहाच्या सहा व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची झाली होती. १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्र उलटल्यावर तिथे मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग शहरावर आला. एक माणूस गेला, शेकडो जणांना त्रास झाला. पोलीस म्हणाले, स्टेशनला फोन लावले तर कुणी उचलेना. कंपनी म्हणाली, आणीबाणीची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असेलही. आमच्या वॉचमनची गोष्ट मला हे कळल्यावर तितकी विनोदी वाटत नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की खाजगी एफएमला बातम्या द्यायला बंदी आहे, मग स्थानिक काय देणार? अर्धं खरं. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकऱ्यांची माहिती, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे आणि आरोग्याचे इशारे या गोष्टी बातमीत मोडत नाहीत. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापीकाठच्यांनी नदीपात्रात उतरू नये, हे सांगायला कुणाची आडकाठी नाही. पांझरा नदीला पाणी सोडलं, हेही सांगता येतं. फक्त ते सांगायला त्या वेळी स्टुडिओत माणूस लागतो. 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं स्वतःच्या बातम्या देऊ द्याव्यात. देऊ दिल्या तर चांगलंच. पण पाच माणसांच्या स्टेशनात ती दहा मिनिटं कोण भरणार? तीही मुंबईहूनच येतील.

भाषेचं दुखणं त्याहून जुनं. आमचं स्टेशन ऐकू यायचं त्या टापूत पश्चिमेला अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी आणि पूर्वेला भुसावळ-यावलकडे लेवा. बहिणाबाईंच्या आसोद्यात लेवा बोली, आणि तासाभराच्या अंतरावर "राम राम भो, काय चाली ऱ्हायनं?" हे मुंबईत कुणाला समजावून सांगायचं? २०१४ च्या सुमारास आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी बायकांकडून म्हणवून घेतली, दिवसभर दर तासाला एक. फोनची लाइन मोकळी होईना. सासरहून माहेरी आलेल्या पोरी आपल्या गावाचं गाणं ऐकवा म्हणून भांडत होत्या. महिन्याने मुख्यालयाचा शेरा आला, "बोलीभाषेने ब्रँड डाउनमार्केट दिसतो." आज अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली जातात आणि काकांचे पैसे कुठे गेले ते वर सांगितलंच.

सगळं खापर कपातीवर फोडणंही बरोबर नाही. फोनमधून एफएम गेलं, हेडफोनची पिन गेली, गाडीत लोक आपली गाणी लावतात. १९७६ पासून जळगावला आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथली शेतीविषयक कार्यक्रमांची परंपरा मोठी, पण केंद्रीकरणाचं वारं सरकारी रेडिओलाही लागलंय. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा आदेश निघाला होता, लोक चिडले तेव्हा थांबला. खाजगी स्टेशनच्या बाबतीत असं कोण चिडणार? नोकरी गेलेल्यांशिवाय कुणाला पत्ताही लागत नाही.

पुन्हा सुरू होतील का? मुंबईत ज्यांची जाळी आहेत त्यांच्याकडून मला आशा नाही. दुसऱ्या टप्प्यातली जी स्टेशनं तिसऱ्यात गेली त्यांचे परवाने १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षांचे, म्हणजे मार्च २०३० पर्यंत. घराचा भाडेकरार संपत आला की भाडेकरू रंग काढत नाही. दुसरीकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली, त्या यादीत नंदुरबार आहे. नंदुरबारला कुणी स्थानिक माणसाने, मिरचीच्या व्यापाऱ्याने म्हणा, परवाना घेतला आणि शहाद्या-तळोद्याची दुकानं धरली तर चालू शकेल असं माझं मत आहे. तेच स्टेशन एखाद्या जाळ्याचं चाळिसावं शहर झालं तर तिथेही दादरचाच पाऊस पडेल.

आता तुमची मुलगी. तिला नाही म्हणू नका, पण 'आरजेची नोकरी' हे शब्द डोक्यातून काढायला सांगा. आरजेचा कोर्स म्हणून लाखभर रुपये मागणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आवाज फिरवायला शिकवतात आणि बोलायला काही देत नाहीत. संगणकाने केलेला आवाज येत्या काळात त्यांच्यापेक्षा चांगला फिरेल. पदवी पूर्ण होऊ द्या. आकाशवाणीत हंगामी निवेदकांची जाहिरात निघते, त्यावर लक्ष ठेवा. पैसे कमी, पण उच्चार, वेळ पाळणं आणि माइकसमोर न घाबरणं तिथे शिकायला मिळतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर येतं, ते दोन महिन्यांत हाताखालून जाईल. आणि जाहिरात विकायला तिने लाजू नये. आमच्याकडे ज्या दोन मुली टिकल्या त्या दोघी दुकानदाराशी स्वतः बोलायच्या. एक आज धुळ्यात स्वतःचं ऑडिओ-व्हिडिओचं काम करते, घरभाडं त्यातून निघतं.

तिची तयारी बघायची असेल तर एवढं करा. येत्या रविवारी तिला पारोळ्याच्या आठवडे बाजारात, किंवा जो वार असेल त्या वारी, फोन घेऊन पाठवा. एका भाजीवालीशी वीस मिनिटं बोलायचं, मग घरी येऊन त्याची तीन मिनिटं करायची. स्वतःचा आवाज त्यात चाळीस सेकंदांहून जास्त नको, मागे संगीत नको, भाजीवालीची अहिराणी 'सुधारायची' नाही. वांग्याचा भाव सकाळी काय होता नि दुपारी काय झाला हे त्यात आलं पाहिजे. फाइल मला पाठवा. मी ऐकून खरं ते सांगेन, आणि पहिल्या वेळी ती तीन मिनिटांची सात मिनिटं करणार हे गृहीत धरा.